बाहेरची कडी

समोरच्या साठ्यांनी लाकडी दाराबाहेर लोखंडी सेफ्टी डोअर बसवलं. त्यांचे वडील मध्यंतरी वाट चुकले, तेव्हापासून. आता आतलं दार दिवसभर सताड उघडं असतं, घरात छान वारा खेळतो, बाहेरून कुलूप असतं आणि म्हातारबुवा गज धरून उभे असतात. जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला हात बाहेर काढून विचारतात, "कुठे निघालात?" सुरुवातीला लोक थांबायचे. आता मीसुद्धा मोबाईल कानाला लावून खोटंखोटं बोलत खाली उतरतो. दार कुणासाठी आहे, ते कडी कुठल्या बाजूला आहे त्यावरून कळतं.

आपणही बसवावं का, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. डास, चोर, सेल्समन, सगळी कारणं निघाली. आईचं नाव कुणी काढलं नाही.

काल ग्रिलवाला माप घ्यायला आला. "कडी आतून की बाहेरून?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी टेपकडे.

कोपऱ्यात आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "बाहेरूनच लावा. फक्त गज जरा लांब लांब ठेवा. हात बाहेर निघाला पाहिजे."