न हसणाऱ्या उमेदवार

"बाई खरी हाय, पण मत द्यावं वाटत न्हाई," गिरणीच्या दारात एक बाई दुसरीला म्हणाली. दुसरीनं काखेतला डबा सावरला आणि म्हणाली, "लई खरी हाय, म्हणूनच." मी त्यांच्या मागेच दळण घेऊन उभी होते. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या माझ्या मोठ्या काकू, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आणि आमच्या गावच्या सरपंचपदाच्या उमेदवार. मी काही बोलले नाही. एक तर माझा तो स्वभाव नाही, आणि दुसरं म्हणजे त्या दोघी काही खोटं बोलत नव्हत्या.

काकूंइतकं गावासाठी राबलेलं आणि काकूंइतकं गावाला नकोसं झालेलं माणूस शिरूर कासार तालुक्यात दुसरं नसेल. लोक त्यांच्या कामाबद्दल आदरानं बोलतात, पण त्या कोपऱ्यावर दिसल्या की आदरानंच दुसऱ्या गल्लीत वळतात. काकूंना खोटं बोलता येत नाही. हा गुण झाला. पण खरं मनात ठेवताही येत नाही, आणि तिथे सगळं बिघडतं. लग्नात गेल्या की आहेर हातात धरून त्या आधी नवरीचं वय विचारतात आणि समाधान होईपर्यंत आहेर सोडत नाहीत. म्हणून गावात पत्रिका वाटताना आमचं घर शेवटी येतं, काही वेळा अक्षता पडून गेल्यावर येतं. मयतीच्या घरी गेल्या तर चार शब्द धीराचे बोलण्याऐवजी "बीडला न्यायला एवढा उशीर कावून केला?" असं विचारतात. प्रश्न बरोबर असतो. पण त्या घरातली माणसं मग दोन कारणांनी रडायला लागतात.

उमेदवारीसाठी फोटो काढायचा होता तेव्हा फोटोवाल्यानं थोडं हसायला सांगितलं. काकू म्हणाल्या, "निवडून आल्यावर गावाचं काय बरं होतंय ते बघू, मंग हसू." शेवटी जो फोटो बॅनरवर गेला तो पाहून परगावचा एक पाहुणा मोठ्या काकांना हळूच विचारून गेला की बाई सापडल्या का. चिन्ह मिळालं कपबशी, आणि काकू कुणाच्याही घरी चहा पीत नाहीत. आमच्याकडे मत मागायला आलेला माणूस घोटभर चहा न पिता उठला, तर तो मत मागायला आला होता की भांडायला, यावर घरात नंतर चर्चा होते. प्रचाराच्या पहिल्याच दिवशी एका घरी काकूंनी हात जोडले, मत मागितलं, आणि त्याच श्वासात म्हणाल्या, "मत न्हाई दिलं तरी चालंल, पण तुमच्या मोरीचं पाणी रस्त्यावर येतंय, ते आधी बंद करा." घरमालकानं पहिली सूचना तत्काळ मान्य केली असावी, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

या सगळ्याचा व्हिडिओ काढायचं काम माझ्याकडे होतं. मी बीडला इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून गावात मला "मॅडम" म्हणतात, आणि मोबाईलमागे उभं राहिलं की बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम बरं वाटलं. काकूंना माझं गप्प राहणं पटत नसे. "तोंडात जीभ हाय का तिथंबी मोबाईलच?" असं त्या चारचौघांत विचारत, आणि मी आणखी गप्प होई.

शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला आमच्यात एकदा इंग्रजीतून वाद झाला होता. उमेदवाराचं काम पाहावं की स्वभाव, असा विषय होता. मी कामाच्या बाजूनं होते आणि पूर्ण तासात एक शब्दही बोलले नव्हते. पण मत तेच होतं. पाणी आणायचं, रस्ता करायचा, दिवे लावायचे, यात माणूस गोड कशाला लागतो? आपण सरपंच निवडतोय, सोयरीक करत नाही. असं मी मनात म्हणत असे, आणि तरी समोरच्या पार्टीच्या उमेदवार वहिनी भेटल्या की मला बरं वाटायचं, हेही खरं. सगळा गाव त्यांना वहिनीच म्हणतो. त्या भेटल्या की हात हातात घेत, माझ्या परीक्षेचं विचारत आणि माझ्या "हं"चा अर्थ स्वतःच लावून पुढे बोलत. मला बोलायला लावत नसत. त्यांचा गोडवा निवडणुकीपुरता नव्हता, तो मुळातच होता. त्यांना कुणालाच नाही म्हणता येत नसे. प्रत्येकाला त्या "होईल की" म्हणत, आणि म्हणताना त्यांचा त्यावर विश्वासही असे.

काकू मात्र ज्या कामासाठी उभ्या होत्या, त्यात गोडीला जागाच नव्हती. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यांवर जातात ती पार उन्हाळ्यात परत येतात. आईबापांबरोबर पोरंही ट्रॉलीत बसून जातात आणि त्यांची शाळा तिथेच संपते. त्यासाठी गावच्या शाळेत हंगामापुरतं वसतिगृह चालतं. काकूंकडे त्याचं कुठलं पद नव्हतं. तरी भाकरी कच्ची राहिली की स्वयंपाकघरात त्याच असत आणि पोरांच्या डोक्यात उवा झाल्या की शाळेच्या ओट्यावर फणी घेऊनही त्याच बसत. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या दिवशी त्या सकाळपासून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहत. प्रत्येक ट्रॅक्टर थांबवायचा, ट्रॉलीवर चढायचं, गोधड्या, भांडी, कोंबड्यांची डालगी हलवून शाळेच्या वयाचं पोर शोधायचं. "उतर खाली. तुझा कोयता अजून घडवायचाय," असं म्हणत त्या पोराला दंडाला धरून उतरवत. पोर रडे, आई रडे, मुकादम घड्याळ बघे, आणि काकूंचा चेहरा बॅनरवर आहे तसाच असे. असं उतरवलेली एक पोरगी आज बीडच्या दवाखान्यात नर्स आहे. काकू तिथे तब्येत दाखवायला गेल्या की ती दुसऱ्या वॉर्डात काम काढते, असं म्हणतात.

पण मुली कमीच राहत. शाळेत मुलींना झोपायला धड खोली नव्हती. जी होती तिला दार होतं, आतून कडी नव्हती. थोरल्या पोरीला अशा जागी कोण आई ठेवून जाईल? काकूंना सरपंच व्हायचं होतं ते त्या खोलीसाठी. भाषणात विकास, स्वाभिमान वगैरे काहीच नसे. "पोरींच्या खोलीला कडी लागंल," एवढं एक वाक्य बोलून त्या खाली बसत, आणि टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळत नसे.

मतदान चार दिवसांवर असताना मंदाताई आमच्याकडे आल्या. त्या आणि त्यांचे मालक दरवर्षी तोडीला जातात, आणि त्यांची मुलगी सातवीत आहे. काकूंनी तिला ठेवून घ्यावं, आपल्या नजरेखाली झोपवावं, एवढंच विचारायचं होतं, हे मला नंतर समजलं. त्या दारात आल्या तेव्हा काकू आत आमच्याच एका कार्यकर्त्याला झापत होत्या. त्यानं शाळेच्या भिंतीवर त्यांचं पोस्टर चिकटवलं होतं. "पोरांच्या पाढ्यांवर माझं थोबाड कशाला चिकटवलं बे?" हा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. शब्द नीट ऐकले असते तर मंदाताईंना काकू कदाचित आवडल्याही असत्या. पण त्यांच्यापर्यंत फक्त आवाज पोहोचला. उंबऱ्याबाहेर काढलेली चप्पल त्यांनी पुन्हा पायात घातली, मला म्हणाल्या, "चालू द्या, मी येते मागून," आणि गेल्या.

दोन दिवसांनी हापशावर भेटल्या तेव्हा खुशीत होत्या. वहिनींकडे जाऊन आल्या होत्या. वहिनींनी जवळ बसवलं, चहा दिला आणि पोरीच्या राहण्याचं "होईल की" म्हणाल्या. "तिथं गेलं की बरं वाटतं बाई," मंदाताई म्हणाल्या. "तुमच्या काकूची भीती वाटती. आमी आधीच दिवसभर कुणाचं ना कुणाचं ऐकतोच की."

त्या वाक्यानं माझ्या वादाचा सगळा निकाल उलटा केला असं नाही. वहिनींच्या "होईल की"वर एखादी पोरगी सोडून जावी असं मला आजही वाटत नाही. पण माणूस आवडणं ही फक्त करमणुकीची गोष्ट आहे, असं जे मी धरून चालले होते, ते काही खरं नव्हतं. जिच्याकडे जायला पाय धजत नाही, तिच्यापर्यंत गावाची गरजच पोहोचत नाही. आणि जिच्याकडे सगळ्यांचे पाय आपोआप वळतात, तिच्याकडे इतक्या गरजा येतात की मागची पुढच्याखाली दबून जाते. लोकांनी आवडीवर मत द्यावं की देऊ नये, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. मत मी काकूंनाच दिलं. नात्यामुळे दिलं की कडीमुळे, हेही नक्की सांगता येणार नाही.

काकू पडल्या. फार मतांनी नाही, पण पडल्या. गुलालानं माखलेल्या वहिनी मिरवणूक थांबवून आमच्या दारात आल्या आणि काकूंच्या पाया पडल्या. काकूंनी आशीर्वाद वगैरे दिला नाही. "त्या खोलीला कडी लावा," म्हणाल्या. "होईल की काकू," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळ्या निघाल्या. काकू रस्त्यावर गेल्या नाहीत. मोठे काका त्यांना हळू आवाजात म्हणाले होते, "या साली राहू दे. लोकांनी सांगितलंय ना आता." त्या ओट्यावर सुपात तूर घेऊन बसल्या आणि एकेक ट्रॅक्टर दारावरून जाताना मान खाली घालून खडे वेचत राहिल्या. शेवटच्या ट्रॉलीत, गोधड्यांच्या गठड्यावर, डोक्याला टॉवेल बांधून मंदाताईंची मुलगी बसली होती. काकूंनी मान वर केली. सूप खाली ठेवून उठल्या, पण ओट्याच्या कडेला येऊन थांबल्या. ट्रॉली वळणावरून गेली.

"मंदाची पोरगी न्हवं ती?" त्यांनी विचारलं. मंदा वहिनींकडे गेली होती, निवडणुकीच्या गडबडीत राहून गेलं असेल, असं त्या पोस्टरवाल्या कार्यकर्त्यानं सांगितलं.

"माझ्याकडं कावून न्हाई आली?"

हा त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मोठे काका म्हणाले, वेळ मिळाला नसेल. कार्यकर्ता म्हणाला, निरोप चुकला असेल. दोघंही चांगली माणसं, दोघांनाही त्यांना दुखवायचं नव्हतं. काकू मान हलवत राहिल्या, पण त्यांना ते पटत नव्हतं. जन्मभर ज्यांनी दुसऱ्याला खरंच सांगितलं, त्यांना त्यांच्याबद्दलचं खरं सांगायला त्या ओट्यावर कुणी तयार नव्हतं. टोळ्या फाट्यावरच्या देवळापाशी थांबून नारळ फोडतात आणि मगच मोठ्या रस्त्याला लागतात. प्रचाराच्या ग्रुपवर मंदाताईंचा नंबर होता. मोबाईल माझ्या हातातच होता.

"त्या आल्या होत्या, काकू," मी म्हणाले. "तुमचा आवाज ऐकून दारातून परत गेल्या. मी फोन लावते, मीच बोलते त्यांच्याशी. तुम्ही जवळ बसा, पण बोलू नका."