भट्टीचा पाय

प्रयोगशाळेच्या तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये धातू कातायचा लेथ चालवणाऱ्या बाईंना सगळे मिस्त्रीबाई म्हणत. वय बावन्न, चष्मा कायम कपाळावर, आणि जीभ अशी की चुकीचं ड्रॉइंग आणणारा पुढच्या वेळी दहादा तपासून आणे.

घरी सासूबाई रोज विचारायच्या, "आज काय केलंस गं?"

"थेंबांसाठी भट्टी केली, आई."

"अगोबाई! मग ते थेंब उडून नाही का जायचे?"

शंका अगदीच वेडी नव्हती. वरच्या मजल्यावर एक लांबलचक पोलादी नळी होती. तिच्यातली हवा पार उपसून काढलेली. एका टोकाच्या केसाहून बारीक भोकातून हेलियम वायू आत सुटला की त्याचे थेंब होत. इतके गार, की त्यांच्यापुढे बर्फ म्हणजे निखारा. हे थेंब चांदीची वाफ भरलेल्या छोट्या भट्टीतून आरपार जात, जाताजाता चांदीचे अणू गिळत, आणि थेंबाच्या पोटात त्या अणूंचा पुंजका जमे. दुसऱ्या टोकाचं यंत्र हे पुंजके मोजी. निदान मोजायला हवं होतं. चार महिने झाले, भट्टी तापली की थेंबच गायब!

"चांदीची वाफ जास्त होतेय," हा प्रयोग चालवणारे सर म्हणत. "अणूंच्या उष्णतेनं थेंब उडून जातायत." त्यांची विद्यार्थिनी भट्टीची आच कमीजास्त करून मेटाकुटीला आली होती. एका दुपारी ती वर्कशॉपमध्ये आली ती स्टुलावर बसून रडायलाच लागली.

मिस्त्रीबाईंनी लेथ बंद केला. "चांदी न घालता भट्टी तापवून बघितलीस?"

"रिकामी? कशाला?"

"माझ्या समाधानासाठी बघ."

रिकामी भट्टी तापवली. थेंब तरीही गायब! सरांनी यंत्राचा पडदा पुन्हा पुन्हा तपासला.

"म्हणजे चांदीचा काही दोष नाही," मिस्त्रीबाई म्हणाल्या. "दोष माझा आहे. भट्टीला पोलादी पाय मी खालून दिलाय. तो तापला की वाढतो, भट्टी वर सरकते, आणि थेंब तिच्या आरपार भोकातून जायचे सोडून तिच्या भिंतीवर आपटतात. तुम्ही नेम धरता तो भट्टी गार असताना."

सरांनी कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटले. "आणि आम्ही चार महिने गणितं मांडत बसलो!"

मिस्त्रीबाईंनी दोन दिवस जेवणाची सुट्टीसुद्धा घेतली नाही. भट्टीला खालून पाय देण्याऐवजी त्यांनी तिला बरोबर भोकाच्या उंचीवर दोन्ही बाजूंनी पकडलं. आता ती वरखाली कितीही वाढो, भोक जागचं हलणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भट्टी लालबुंद झाली आणि पडद्यावरच्या आलेखात एक टोक उभं राहिलं. एक अणू. शेजारी दुसरं, दोन अणू. मग तीन, चार. विद्यार्थिनी मोठमोठ्यानं मोजू लागली. विसाच्या पुढे तिचा आवाज चिरकला, तेव्हा सरांनी मोजणी उचलली. सदतिसाव्याला दोघंही थांबले, कारण मिस्त्रीबाई टाळ्या वाजवत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

त्या वर्षीच्या शोधनिबंधात तिसरं नाव त्यांचं लागलं. पडद्यावरच्या त्या टोकांचा कागद आता लेथच्या वर चिकटवलेला आहे, आणि कुणीही ड्रॉइंग घेऊन आलं की मिस्त्रीबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे तापणार आहे का?"