नाकवाले मिस्त्री

माझा थोरला भाऊ सुतार. लाकूडबाजारात त्याला सगळे ‘नाकवाले मिस्त्री’ म्हणत. कोणी हलक्या लाकडाला पॉलिश मारून ते भारी म्हणून विकायला लागलं, की गिऱ्हाईक दादाला घेऊन यायचं. दादा फळीची कड कानशीने घासायचा, भुसा तळहातावर घ्यायचा, डोळे मिटून खोल श्वास ओढायचा आणि निकाल द्यायचा, “साग नाही. सागाचा शेजारी आहे.” पुढे बोलायची कोणाची टाप नव्हती.

घरामागेच पत्र्याच्या शेडमध्ये दादाचा कारखाना होता, त्याला एकच खिडकी. घासायचं मशीन सुरू झालं की आतली माणसं पिठाच्या गिरणीतल्यासारखी दिसत. वहिनी रोज सकाळी दादाची उशी अंगणात झटकायची आणि म्हणायची, “हे नवऱ्याबरोबर अर्धं झाडही पदरात पडलंय.” मास्कचा विषय मी काढला, की दादाचं उत्तर ठरलेलं. “आल्या आमच्या पदवीधर बाई! अगं, तोंड झाकलं तर लाकडाचा वास कसा यायचा? उद्या सोनाराला सांगशील, डोळ्याला पट्टी बांधून बस.” भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, दहा वर्षांपासून त्याच्याच हाताखाली. तोही बापाच्या सुरात हसायचा.

गेल्या वर्षी दादाची उजवी नाकपुडी चोंदली. एकच नाकपुडी, आणि तीही महिनोन् महिने. सर्दी अशी नसते, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. रुमालावर रक्ताचे ठिपके दिसायचे, तर तो म्हणायचा, “भुशाने सोलवटलं असेल.” वाफ घे, तेल सोड, असं चाललं होतं. आठ महिने गेले.

मग एका दुपारी मी त्यांच्याकडे होते. वहिनी धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली होती. मी बाहेरच्या खोलीत भाजी निवडत होते आणि दादा स्वयंपाकघरात, शेगडीपासून दोन हातांवर, पेपर वाचत बसला होता. करपल्याचा वास आला म्हणून मी धावत आत गेले. दूध उतू जाऊन भांडं काळं पडलं होतं, धूर भिंतीला लागला होता. दादाने पेपरचं पान उलटलं.

“अरे, दूध!”

“लक्ष नव्हतं गं.”

पण मी त्याचा चेहरा बघितला होता. आधी तो दचकला आणि मग ओशाळला.

मी कारखान्यातून चिमूटभर भुसा आणला आणि त्याच्या नाकाखाली धरला. “डोळे मीट. कुठलं लाकूड?”

“पोरखेळ करू नकोस.”

“मीट म्हणते ना!”

त्याने डोळे मिटले आणि श्वास ओढला. पुन्हा एकदा ओढला. मग म्हणाला, “साग असेल.” तो भुसा शिसवाचा होता, कारखान्यात चाललेल्या एका टेबलाचा. शिसव तर तो अंगणातूनही ओळखायचा.

“किती दिवस?” मी विचारलं.

“चार महिने. बाजारात आता लाकडावरच्या रेषा बघून सांगतो. निम्मं जमतं.” मग हळूच म्हणाला, “हिला सांगू नकोस. नाकवाल्याचं नाक गेलं कळलं, तर बाजार हसेल.”

चव्हाट्यावर नाक कापलं जाऊ नये, म्हणून त्याने चार महिने दडवलं होतं.

मी त्याच संध्याकाळी वहिनीला सांगितलं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकात बारीक दुर्बीण घातली आणि लगेच पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. मग स्कॅन झाला. नाकातून छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी कागद आला. त्यावर शब्द होता ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’.

“शरीरात ओलावा पाझरणाऱ्या ग्रंथी असतात,” बाई म्हणाल्या. “तसल्या पेशींतून होणारा हा कॅन्सर. फुफ्फुसात होतो, आतड्यात होतो, स्तनातही होतो. नाव एकच, पण प्रत्येक जागेचं कारण वेगळं आणि उपचारही वेगळे. म्हणूनच तुकडा काढल्याशिवाय काही सांगता येत नाही.”

“पण मी सिगारेट ओढत नाही. तंबाखूला हात लावलेला नाही,” दादा म्हणाला. शाळेत खोटा आळ आलेल्या मुलासारखा त्याचा आवाज झाला होता.

“काम काय करता?”

“सुतारकाम. पस्तीस वर्षं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “टणक लाकडाचा बारीक भुसा, तेच कारण. नाकाच्या वरच्या भागात, वास कळतो तिथेच हा कॅन्सर मूळ धरतो. सगळ्या सुतारांना होत नाही, क्वचितच होतो. पण इतरांपेक्षा सुतारांना कितीतरी जास्त. आणि तीस-चाळीस वर्षं वाट बघतो.”

“नाक चोंदलं तेव्हाच आलो असतो तर?” वहिनीने विचारलं.

बाईंनी स्कॅन उजेडासमोर धरला. नाक आणि मेंदू यांच्यामधलं हाड कागदाइतकं पातळ असतं म्हणे. दादाचं ते हाड कॅन्सरने खाल्लं होतं. “तेव्हा ऑपरेशनचं बोलता आलं असतं. आता किरणं देऊन वेग कमी करू.” किती दिवस उरले, ते कोणी विचारलं नाही. वहिनी पर्सची चेन उघडत-मिटत राहिली.

तेहतीस वेळा किरणं झाली. दादाच्या तोंडाची चव गेली आणि उजवा डोळा पुढे आला. तरी एकदा बरं वाटलं, तेव्हा त्याने दोन डबे मास्क मागवले, कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसला आणि मुलाला हाक मारली. “हे लाव. आजपासून रोज. खिडकीही मोठी करून घे.”

भाच्याने बापाकडे पाहून मुकाट्याने मास्क चढवला. तेवढ्यात बाजारातला व्यापारी फळीचा तुकडा घेऊन आला. “मिस्त्री नाही, तर मिस्त्रींचं पोरगं सांगेल. बघ रे, साग आहे का?”

भाच्याने कड घासली. भुसा तळहातावर घेतला. मग सवयीने मास्क हनुवटीखाली ओढला.

“अरे, मास्क!” मी ओरडले.

“एकच मिनिट, आत्या. तोंड झाकलं तर वास कसा यायचा?”

आणि डोळे मिटून त्याने खोल श्वास ओढला. अगदी दादासारखा.

दादा खुर्चीतून उठायला गेला. पण अर्ध्यावरूनच परत खाली बसला.