पहिल्या इंजेक्शनानंतरचं बोलणं

ये गं बाय, जवळ ये. माझ्या डोळ्यांपुढं अशी दारात उभी राहून हसू नकोस, आज मी रागावणार आहे. शिमग्याला येते म्हणालीस, आली नाहीस. मग म्हणालीस, रजा मिळाली की येते. रजा मिळाली, ती तू सासरी पापड लाटण्यात घालवलीस. फोटो टाकलेस ना तू, मी बघितले. पापड बरे झालेत. पण मला दिलेला शब्द तसाच वाळत पडलाय, त्याचं काय?

वाचणाऱ्यांना सांगते, ही कोण ते. बोईसरला दवाखान्यात आमच्या ह्यांच्या घशात श्वासाची नळी घातली, तेव्हा जी सिस्टर त्यांच्या उशाशी उभी होती, ती ही. घाटावरची पोर, वडील इथं कारखान्यात कामाला म्हणून इथंच वाढली. माझं तिचं नातं असं काही नाही. पण माझ्या संसारातलं एक वाक्य तिच्या कानात आहे. ते माझ्या कानात आहे आणि तिच्या. ज्यांनी ते म्हटलं, त्यांच्यापाशी नाही.

आमचे हे सगळा जन्म नवापूरहून होडीवर गेले. दमा जुना. विडी त्याहून जुनी. त्या माघात थंडी जरा जास्तच होती. सकाळी मी वलांडीवरचे बोंबील हलवत होते. वलांडी म्हणजे आमच्या बोंबील वाळवायच्या आडव्या काठ्या, दोन दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून त्यांवर टांगतात. हे घरातून आले आणि काठी धरून उभे राहिले. मला वाटलं, आता काही तरी खोट काढणार. पण तोंड उघडं आणि शब्द नाही. ओठ जांभळे. खांदे असे वर-खाली, जशी बुडती होडी उपसतो माणूस.

पुतण्याचा मासळीचा टेम्पो दारात होता, त्यात घातलं. बर्फाचं पाणी अजून सांडत होतं आत. दवाखान्याच्या दारावरचा माणूस नाक धरून म्हणाला, "चाची, पेशंट है या पापलेट?" मी म्हटलं, "पेशंट हाय. पापलेट असतं तर तुझ्या दारात आणलं असतं का?"

आत गेल्या गेल्या तोंडावर मास्क लावला. हे तो ओढून काढायचे. परत लावला, परत काढला. डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होते, जसं मीच नाक दाबून धरलंय. तेव्हा तो चष्मेवाला डॉक्टर मला जरा बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, काका दमलेत. श्वास ओढायची ताकद संपत आलीये. नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. आधी झोपेचं औषध देतो. मग अंग ढिलं पडायचं."

"ढिलं म्हणजे किती ढिलं?"

"पूर्ण. हात, पाय, घसा, छाती."

"छाती ढिली पडली तर श्वास?"

"तो थांबेल. तेवढ्यात नळी घालून आम्ही देऊ."

मी त्याची बाहीच धरली. "अवो डॉक्टर, श्वास मिळावा म्हणून माणूस आणला मी. तुमी हाय तोसुद्धा बंद करताय?"

त्याला काय, त्याची घाई. तू मात्र हातातलं काम न सोडता मला म्हणालीस, "मावशी, जागेपणी नळी घातली तर काका झुंजतील. घसा आवळतील, चावतील, ओकारी काढतील. त्या झुंजीतच दम संपेल त्यांचा. आणि नुसतं अंग ढिलं केलं, झोपवलं नाही, तर आतून सगळं कळत राहील आणि बोटही हलवता येणार नाही. म्हणून झोप आधी. तुम्ही घाबरू नका, मी इथंच आहे."

मला पटलं ते कशानं पटलं, सांगू? माझ्या आज्याची वल्ह्यांची होडी होती. दमलेली आपली होडी दुसऱ्या होडीने ओढून न्यायची तर आधी आपली वल्ही आत घ्यावी लागतात, आज्या सांगायचा. आपणही मारत राहिलो तर दोघं बुडतो. मी म्हटलं, घ्या आत वल्ही. आणि कागदावर सही केली. वेडीवाकडी, पण माझी.

हे मास्क काही केल्या ठेवीनात, म्हणून तू पहिलं थोडंसं टोचलंस. बघता बघता ह्यांचे खांदे खाली आले, मूठ सुटली. माणूस तसाच धापा टाकत होता, पण चेहऱ्यावरची भीती गेली. डॉक्टर दुसऱ्या सिरिंजा मांडत होता. मान वर न करता म्हणाला, "बोलायचं असेल तर बोलून घ्या. एक मिनिट."

आता तू मला ओळखतेस. बोईसरच्या बाजारात पाटी मांडून मी दहा गिऱ्हाइकांशी एका दमात भांडले आहे. नळावर माझा आवाज आला की बाकीच्या बायका हंडे खाली ठेवतात. आणि त्या मिनिटात मला एक शब्द सुचला नाही. सगळा जन्म काढला ज्या माणसाबरोबर, त्याच्या कानाशी वाकून मी काय विचारलं? "अवो, कानटोपी कुठं ठेवलीत?"

तू हसलीस. मी बघितलं, मास्कच्या आडून हसलीस.

मग ह्यांनी हात वर केला, मास्क थोडा सरकवला. एक एक शब्द, मधे श्वास. "ती साडी... काढू नको... तिकडनं... दिसते ती."

तू विचारलंस, "कुठली साडी हो काका?"

"तिला... माहीत हाय."

एवढंच. डॉक्टरने दुसरं औषध दिलं. त्यानं ह्यांचे डोळे मिटले नाहीत, उघडेच राहिले. पण नजर गेली निघून, घर उघडं टाकून माणूस निघून जावा तशी. मग तिसरं. अंगावरून एक बारीक थरथर गेली, गालावरून, खांद्यावरून, जाळ्यात शेवटची कोळंबी हलते तशी. आणि सगळं शांत. तू पडदा ओढलास.

पडद्याबाहेर उभी राहून मी काय करत असेन? लोक म्हणतील, देव आठवत असेल. मी साडी आठवत होते.

ती साडी लाल. लग्नानंतर दुसऱ्या वर्षाची, सुती. विरली तेव्हा मी ती वलांडीच्या समुद्राकडच्या टोकाला बांबूवर बांधली, कावळे येऊ नयेत म्हणून. असं सगळ्यांना सांगितलं. खरं सांगते, कावळे निमित्त. संसार अजून नवाच, हे चार चार दिवस पाण्यावर. मी एकदा म्हटलं होतं, मलापण न्या होडीत, तिथून आपलं घर कसं दिसतं ते बघायचंय मला. हे म्हणाले, "बायका होडीत बसत नायत. नि तू उलट्या काढशील." मग म्हटलं, मी नाही तर माझी साडी तरी दिसू दे.

पुढे ती फाटली की दुसरी लाल बांधायची, असं किती वर्षं चाललं. हे परत आले की मी सहज विचारल्यासारखं विचारायची, "साडी दिसते का वो तिकडनं?" आणि उत्तर ठरलेलं. "काय दिसत नाय. वीजकेंद्राची चिमणी दिसते, बाकी सगळा धूर. कशाला बांधतेस ते फडकं, कावळे हसतात."

एवढी वर्षं हेच उत्तर. शेवटी मीही कंटाळले. होडी पुतण्याला दिली होती, हे घरीच. आता कोणासाठी बांधायची? दवाखान्याच्या आठवडाभर आधीच मी म्हटलं होतं, यंदा काढते ती साडी, गोधडीला लावते. तेव्हा ह्यांनी तोंड समुद्राकडे केलं. विडी ओढत बसले.

म्हणजे बघ. "तिकडनं दिसते ती."

सहा दिवस मशीनवर होते. तू कॅज्युअल्टीची, ते वर. तरी एकदा वर आलीस, हे झोपलेलेच होते. मी तुला विचारलं, कुठली औषधं दिलीत गं? तू पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलीस. पहिलं मिडाझोलम, दुसरं केटामाइन, आणि तिसऱ्याचं नाव असं लांबलचक की माझ्या जिभेवर अजून बसत नाही. देव्हाऱ्यात ठेवलाय तो कागद, ह्यांना वाटतं कसलं तरी स्तोत्र आहे. तेव्हाच तू म्हणालीस, "मावशी, पहिल्या औषधानंतरचं त्यांना बहुतेक आठवणार नाही. ते आठवण पुसतं. आणि थोडी लाजपण पुसतं." मी हसले. मला काय माहीत, पुढे रडायची पाळी येणार आहे. आठवड्यात तुझी नोकरी दुसरीकडे लागली नि तू गेलीस.

नळी काढली. घसा बसलेला, भांडं घासल्यासारखा आवाज. पहिला शब्द काय? "चहा." मी मनात म्हटलं, असू दे, घोटभर चहा पिऊन बोलतील. दुसऱ्या दिवशी विचारलं, "अवो, साडीचं काय म्हणालात?"

"कसली साडी?"

"तिकडनं दिसते म्हणालात ना."

"मी? मास्क होता माझ्या तोंडावर. मी काय बोलणार?"

खोटं नव्हते बोलत, मला कळतं. टेम्पोतलं सगळं आठवतं त्यांना, दारावरच्या माणसाचं पापलेटसुद्धा. सुईनंतरचं मात्र कोरं. म्हणजे काय झालं बघ गो, सगळ्या जन्मात एकदा माणूस मनातलं बोलला, आणि नेमकं तेवढंच औषधाने धुऊन नेलं.

माझी जाऊ शेजारीच राहते. तिला सांगितलं तर बोंबलाची पाटी डोक्यावर घेता घेता म्हणते, "औषधाच्या धुंदीत बोलले असतील. धुंदीत माणूस इंद्राच्या दरबारात जाऊन येतो, तुझी साडी काय." मी म्हटलं, धुंदीत बोलायला साडीच का आठवली? ती म्हणाली, "आठवडाभर डोकं खाल्लं असशील." तिचंही चूक नाही. पण त्या रात्रीपासून माझ्या जिवाला रुखरुख लागली. खरंच दिसायची का? दिसायची तर एवढी वर्षं नाही का म्हणाले?

मी ह्यांना तुझं नाव पुढे केलं. म्हटलं, ती सिस्टर होती, तिनं ऐकलंय, विचारा तिला. तर म्हणतात, "तुझीच मैत्रीण ती. तू शिकवलं असशील." म्हणून तू फोनवर सांगते म्हणालीस तेव्हा मी नको म्हटलं. फोनवर ते कानाला लावतील, "हा हा" करतील आणि ठेवतील. तू समोर बसून सांगायला हवंस. तुझ्या डोळ्यांत बघून त्यांना खोटं म्हणता येणार नाही. दवाखान्यात तूच त्यांचा हात धरला होतास.

आणि मला नुसतं कबूल करून घ्यायचं नाही. कबूल झाले, की मग मी म्हणणार आहे, चला, दाखवा. पुतण्या होडी काढायला तयार आहे. बायका बसत नाहीत म्हणायची पद्धत होती, आता पुतण्याची बायकोच इंजिन चालू करते. उलट्या आल्या तर येऊ देत. मला एकदा त्या पाण्यावरून, ह्यांच्या शेजारी बसून, ह्यांनी बोट दाखवून, ती साडी बघायची आहे. दिसली तर दिसली. नाही दिसली तरी ते कुठं बघत होते, तेवढं कळेल मला.

पण उशीर नको करूस. घरापासून वाळूपर्यंत जायला त्यांना आता दोनदा बसावं लागतं. परवा बसल्या बसल्या म्हणाले, "गो, परत ती नळी नको हां मला." मी म्हटलं, नाही घालत. ते म्हणाले तसं होईल. तेव्हा तुमच्यासारखं कुणी मला मिनिटभर वेळ देईल की नाही, देव जाणे.

होड्या एकदा वर ओढल्या की नारळी पुनवेपर्यंत पाण्यात नाहीत. म्हणून मिरगाच्या आत ये. बोईसरला उतरलीस की नवापूरची रिक्षा मिळते. सोडे घातलेली वांगी करते, तुला आवडतात. नवऱ्यालाही आण, त्याच्या वाट्याचे पापड घेऊन ये हवं तर. घर विचारायची गरज नाही. साडी यंदा नवी बांधलीये, ह्यांनीच बाजारातून आणली, म्हणाले, "जुनीला कावळे घाबरत नायत." विचारलं मी, कावळ्यांसाठीच ना? विडी नसते आता, तरी विडी ओढत असल्यासारखे बसले.

ये गं बाय. या महिन्यातच ये.