ग्रे चालेल

गठ्ठा उघडला आणि आत पांढरट कापड निघालं. मी काळं मागवलं होतं. लॅबमधले आमचे सर माझ्याकडे बघत होते आणि मी गठ्ठ्याकडे. बुधवारची दुपार होती. शुक्रवारी आमचे क्रिस्टल पॅक होऊन परदेशातल्या अ‍ॅक्सिलरेटरकडे निघायचे होते. टेस्ट झाल्याशिवाय तिथे ते कुणी बसवून घेणार नव्हतं. माझी तीन वर्षं त्या क्रिस्टलांवर गेली होती.

आधी काम काय ते सांगते. केऑन नावाचा एक कण असतो. तो ज्या कुळातला, त्या कुळाचं नावच 'स्ट्रेंज', म्हणजे विचित्र. हायड्रोजनमध्ये तो थांबवला की प्रोटॉन त्याला गिळतो. त्यातून बहुतेक वेळा पायॉन निघतो, तो लगेच फुटतो आणि गॅमा किरणांची गर्दी होते. हजारात एखाद्याच वेळी पायॉन न निघता थेट एक ठरावीक ऊर्जेचा गॅमा निघतो. आम्हाला मोजायचा होता तो. पण त्याची ऊर्जा पडते नेमकी गर्दीच्या शेजारी.

गॅमा क्रिस्टलमध्ये शिरला की आत अगदी मंद प्रकाश पडतो. मागची ट्यूब तो मोजते. बाहेरचा उजेड शिरला तर मोजमाप बिघडतं आणि आमचा गॅमा गर्दीत हरवतो. म्हणून टेस्टचं खोकं मिट्ट अंधारं लागतं. आमच्या खोक्यावरचा जुना पडदा विरला होता.

माझा चुलतभाऊ जयवंतदादा भिवंडीत कामतघरला लूम चालवतो. मी त्याला फोन लावला तेव्हा सर शेजारीच उभे होते. "काळं नसेल तर ग्रे चालेल," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यासमोर गडद राखाडी. मी पोपटासारखं पुढे सांगितलं, "दादा, ग्रे चालेल." भिवंडीत ग्रे म्हणजे लूमवरून उतरलेलं कोरं कापड. ना धुतलेलं, ना रंगवलेलं. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. तरी बोलून गेले. प्रयोगशाळेत राहून मी भिवंडी विसरले होते, दुसरं काय!

गुरुवारी सकाळीच कारखाना गाठला. रागात होते, पण कुणावर ते कळत नव्हतं.

"तूच बोल्लीस ना ग्रे चालल म्हून?" दादा म्हणाला. "मी रातपाळी लावून माल काढला."

"अरे, ग्रे म्हणजे राखाडी रे!"

"राखाडीला हिकडं कोन ग्रे बोलतंय? तुमच्या सायबाला सांग."

"रंगवून कधी मिळेल?"

"आज न्हाय व्हायचा. डाईंगवाल्याकडं लाईन हाय." मग माझं तोंड बघून त्याचा आवाज उतरला. "थांब. बाजूला रफिकभाईकडं बुरख्याचा माल चालू हाय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! भिंतीपलीकडे काळं कापड ढिगाने पडलं होतं.

रफिकभाई साठीचे, शांत. मी लगेच कापड उचलायला लागले, तर त्यांनी हात आडवा केला. "पहले टेबल पे देखो, बेटी." त्यांचं चेकिंगचं टेबल काचेचं, खाली ट्यूबलाईट. काचेवरून कापड ओढलं की दोष दिसतो. डोळ्यांना काळंकुट्ट वाटणारं ते कापड त्या काचेवर चाळणीसारखं दिसलं.

"एक तह में रोशनी आएगी ही," ते म्हणाले. त्यांनी वर दुसरा पदर आडवा टाकला. उभ्या धाग्यांवर आडवे धागे आले आणि भोकं बुजली. तरी दोन-तीन ठिपके राहिले. तिसरा पदर तिरका टाकला. मी काचेवर डोळा टेकवून इंच न् इंच पाहिलं. काही दिसेना.

तीन पदर शिवून घेतले आणि दुपारी लॅबमध्ये खोक्यावर चढवले. आधी लाईट बंद ठेवून ट्यूबचे काउंट घेतले, मग खोलीतले सगळे लाईट लावून. आकडा हलला नाही. पुन्हा केलं. नाहीच हलला. सरांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "ग्रे माझ्यामुळे झालं." मी म्हटलं, "नाही सर, माझ्यामुळे." दोघंही हसलो. रात्रभरात त्या खोक्यात क्रिस्टलांची टेस्ट झाली आणि शुक्रवारी ते गेले.

दोन वर्षांनी तिकडून ग्राफ आला. गर्दीच्या कडेला आमच्या गॅमाचा एक छोटासा उंचवटा, स्वच्छ, सुटा. इतका आनंद मला पीएचडी मिळाली तेव्हाही झाला नव्हता. मी तो उंचवटा दादाला फोनवर दाखवला.

"येवढाच?"

"येवढाच."

"बरा हाय," तो म्हणाला आणि लूमकडे वळला.

मी शिकले ते इतकंच: ऑर्डर देताना रंगाचं नाव सांगू नये, नमुन्याचा तुकडा द्यावा. भिवंडीत हे लहान पोरालाही ठाऊक असतं. डॉक्टरेट झालेल्यांना सांगावं लागतं.