वागवायचे चाकू

माझी पहिली नेमणूक जांबोटीच्या शाळेत झाली. बस कमी, चालणे फार. "पिशवीत एक चाकू असू दे गं," आई म्हणाली आणि मला आमच्याच बेळगुंदीतल्या परशरामआप्पांकडे घेऊन गेली. मिटते चाकू करणारे आप्पा तेव्हा पन्नाशीत होते.

शिंगाच्या मुठीवर पितळी मोर बसवलेला एक चाकू मी उचलला. आप्पांनी विचारले, "वागवायचा हाय का ठिवायचा?"

"वागवायचा."

"मग त्यो खाली ठेव, बाई. मोर बघत बसशील आणि काकडी तशीच ऱ्हाईल."

त्यांनी शिसवी मुठीचा साधा चाकू हातात दिला. तो उघडताना मी डावरी असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी तो परत घेतला. पुढच्या आठवड्यात मिळाला, तेव्हा पाते उघडायला नख अडकवायची खाच डावऱ्या हाताच्या बाजूला आली होती.

ठेवायच्या चाकूंना आप्पांनी कधी कमी लेखले नाही. शहरातल्या हौशी मंडळींसाठी ते आजही तितक्याच मायेने मोर बसवतात. पण वागवायच्या चाकूत पाते ज्यावर फिरते तो खिळा ते किंचित सैल ठेवतात, म्हणजे मातीच्या हातांनीही पाते उघडते. दर पावसाळ्याआधी, लावणीसाठी रताळ्याचे वेल कापायची वेळ आली की, गावच्या बायकांचे चाकू ते स्वतः मागून घेतात आणि धार लावून देतात.

हे सारे ठाऊक असूनही आपण काय केले? 'आपण' म्हणते, कारण आप्पांच्या पंचाहत्तरीसाठी नेमलेली गौरव समिती आपल्याच गावाची आहे. या गौरव अंकाच्या संपादकांना विनंती की, हा मजकूर गाळू नये.

पंचाहत्तरीच्या प्रदर्शनासाठी समितीने आम्हा बायकांचे चाकू मागून नेले. दोन दिवसांत परत देतो, म्हणाले. शहरात नेऊन त्यांना यंत्रावर चकाकी आणली; धार गेली. पाती उघडी राहावीत म्हणून खिळ्याशी गोंद भरला आणि सगळे मखमली फळीवर बसवले. ती फळी कायमची सभागृहात लावायचे ठरले. आम्हाला कुणी विचारले नाही. वेल तर कापणीला आलेले.

लक्ष्मीआक्का फळीसमोर उभ्या राहून कडाडल्या, "उघडाच ऱ्हायलाय की रं माझा! कमरेला कसा खोचू? पोट फाडून घिऊ?"

"आक्का, आप्पांचंच नाव हुणार," अध्यक्ष म्हणाले.

"त्येंचं नाव माझ्या शेतात रोज हुतंय!"

मला राग आला तो अडाणीपणाचा नव्हे, तर निर्धास्तपणाचा. एखाद्याचा सन्मान करायचा म्हटले की त्याच्या कामाचे काहीही करायला आपण मोकळे, असे आपल्याला वाटतेच कसे?

आप्पांना कुणीतरी बोलावून आणले. त्यांनी फळीवर हात फिरवला, एक पाते मिटवून पाहिले. ते हलले नाही.

"मखमलीवर उठून दिसतंय, आप्पा," अध्यक्ष चाचरत म्हणाले.

"मला बी चिकटवा की मग खुर्चीला. सत्काराला उठायला नको."

आप्पांनी एकेक चाकू फळीवरून उतरवला आणि धोतराच्या सोग्यात घेतला. डोळ्यांचे ऑपरेशन होऊन महिनाही झालेला नाही. बारीक कामाला डॉक्टरांची सक्त मनाई आहे. तरी ते धारेच्या दगडापुढे बसले. खिळे काढून, गोंद खरवडून, नव्याने धार लावून एकेक चाकू घरोघर पोचवत आहेत. "थांबा की आप्पा, डोळं संभाळा," आम्ही म्हणतो. "वेल थांबत्यात व्हय गं?" ते म्हणतात.

आपण त्यांना शाल देणार, आणि त्यांचे विश्रांतीचे दिवस मात्र आपणच खाल्ले. सत्काराच्या दिवशी हार घालण्याआधी समितीने गावासमोर त्यांची माफी मागावी, एवढे माझे मागणे आहे.

आप्पांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो, त्यांची दृष्टी लवकर पूर्ववत होवो, आणि आपण केलेला गौरव निस्तरण्याची पाळी त्यांच्यावर पुन्हा न येवो.