जांभळावरची निळाई

मोठे दरोडे, मारामाऱ्या आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेल्यात. पण एका अँबॅसिडर गाडीच्या चोरीचा गुन्हा अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढं उभा राहतो.

तेव्हा मी खात्याची परीक्षा देऊन नुकतीच फौजदार झाले होते. खांद्यावर तारे आले की अक्कलही आपोआप येते, असा माझा समज होता. त्या वेळचा एक फोटो घरात आहे. काळा गॉगल, कमरेवर हात, आणि चेहरा असा की सगळा मराठवाडा जणू माझ्यामुळंच सुखानं झोपतो. तो बघून नात विचारते, "आजी, तुझं पोट दुखत होतं का गं?"

फिर्यादी सत्तरी ओलांडलेले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना आपण काका म्हणू. सोबत काकू होत्या. भर दुपारी घराच्या शेडमधून गाडी गेली होती. मी लिहून घेऊ लागले. रंग : निळा.

काकांनी टेबलावरून वाकून वाचलं. "खोडा ते."

"मग काय लिहू?"

"पिकल्या जांभळाला हात लागायच्या आधी त्याच्यावर धुरकट निळाई असते का नाय? तो रंग. अस्सल, कंपनीतून आलेला. या रंगाच्या मोजक्याच गाड्या निघाल्या. शहरात दुसरी दाखवा, फिर्याद मागं घेतो."

जमादारांना खोकला आला. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, ठाणं बघून घाबरल्या असतील.

त्यानंतर काका रोज सकाळी यायचे. "सापडली का?" नाही म्हटलं की जायचे आणि कधी कधी थोड्याच वेळात परत येऊन तेच विचारायचे. जमादार त्यांना खुर्ची द्यायचे. मी चरफडायचे. माणूस विसरतोय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी चोर शोधण्यात गुंग.

मग जुन्या गाड्यांच्या एका दलालानं खबर दिली. "मॅडम, तुमची जांभळी मोबाईलवर विकायला लागलीय. माणूस सिल्लोडचा हाय." जाहिरातीत गाडीचा फोटो होता. खाली ओळ होती : 'कंपनीचा मूळ रंग. रंग बदलणाऱ्यांनी फोन करू नये.'

कुठलाही शहाणा पोलीस इथं थबकला असता. चोर आधी गाडीचा रंग बदलतो, मग नंबरप्लेट. हे मीच हजेरीच्या वेळी शिपायांना ऐकवत असे. इथं चोरालाच रंगाची काळजी होती. पण मला सापळा लावायची घाई. शेजारणीच्या पाटल्या मागून घातल्या, बागायतदारीण झाले आणि फोन लावला.

"भाऊ, गाडी पसंत हाय. पोराच्या लग्नात काढायची. पांढरी मारून घेऊ."

"मग नगं, ताई." फोन बंद.

जमादार हळूच म्हणाले, "मॅडम, पाटल्या फोनवर दिसत नाहीत."

पुढचा फोन त्यांनी केला. रंगाची तारीफ केली आणि पत्ता मिळवला. सिल्लोडच्या एका जिनिंगमध्ये, कापसाच्या गाठींमागं, गाडी वाकळ पांघरून उभी होती. जिनिंगच्या मालकाला आम्ही चौकशीला ठाण्यात आणलं.

मी टेबल आपटलं. "गाडी कुणी आणून दिली?"

"नाय सांगत."

"कोठडीत टाकीन!"

"टाका. जेवायला देता ना?"

तो ढिम्म. हात दुखला तो माझाच. शेवटी वैतागून मी म्हटलं, "अहो, पांढरी केली तर तुमचं काय जातं?"

तेव्हा कुठं त्यानं मान वर केली. "अक्कानं निवडलेला रंग हाय तो."

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. अक्का म्हणजे आमच्या काकू.

काकूंना एकट्यांनाच बोलावलं. त्या खुर्चीत बसल्या आणि पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "भावाला सोडा, मॅडम. गाडी मीच न्यायला लावली. हे गंगापूरला म्हणून निघतात आणि जालन्याच्या वाटेला सापडतात. मागं एकदा ब्रेक सोडून भलतंच दाबलं, शाळेच्या फाटकापाशी. पोरं सुटायची वेळ. कसंबसं निभावलं. घरी आल्यावर विचारतात, कुठली शाळा?"

"मग सांगायचं त्यांना, चालवू नका म्हणून."

"चोरी झाली म्हटलं तर माणूस चोराला शिव्या घालतो. तुम्हाला आता जमत नाही म्हटलं तर कुणाला घालील? वाटलं, विसरतील. सगळं विसरतात हो. एखाद्या दिवशी माझं नावसुद्धा. गाडी तेवढी विसरंनात."

"आणि विकली का नाही?"

"शोरूममध्ये हा रंग बघून सगळे हसले होते. मी म्हटलं, हीच. यांनी दुसऱ्या गाडीकडं बघितलंसुद्धा नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आता येईल तो म्हणतो, पांढरी करू."

नियमानं पुढची पायरी होती पंचनामा आणि जप्ती. जप्त गाड्या ठाण्याच्या आवारात उन्हात कशा कुजतात, हे सगळ्यांनी बघितलंय. त्यापेक्षा अवघड म्हणजे काकूंचं नाव आरोपी म्हणून काकांना वाचून दाखवायचं. मी वरिष्ठांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फिर्यादीला गाडी दाखवा. काय खरं ते जबाबात येऊ द्या."

म्हणजे काकांना कळणार होतं. काकू म्हणाल्या, "मग मीही येते."

जिनिंगच्या शेडमध्ये काकांनी वाकळ बाजूला केली. बॉनेटवर हात फिरवला. मग वाकळीचं टोक उचलून टाक्यांवर बोट फिरवत राहिले. "ही वाकळ आमच्या घरची आहे."

काकू दोन पावलं मागं उभ्या होत्या.

"चोर सापडला का, मॅडम?"

मी जमादारांकडं बघितलं.

"सापडला असंल तर सोडून द्या. धुळीचा कण नाय गाडीवर. पुसून पुसून हात दुखत असतील त्याचे."

जबाब घेताना ते म्हणाले, "लिहा. गाडी माझ्या मेहुण्याकडंच होती. मीच ठेवायला दिली असंल. मला आता आठवत नाय, आणि चालवायलाही जमत नाय." जे सांगायला काकू एवढ्या भीत होत्या, ते त्यांनी कुणी न विचारता सांगून टाकलं. मग खिशातली किल्ली काढून मेहुण्याला दिली. "पाहुणं, तुम्ही चालवा. मी मागं बसतो हिच्यापाशी."

गाडी घरच्या रस्त्याला लागली. मागच्या काचेतून दोन पांढरी डोकी दिसत होती. मोबाईलवरची जाहिरात मेहुण्यानं त्याच दिवशी काढून टाकली. काकूंचाही जबाब जोडून, चोरी घडलीच नव्हती असा अहवाल कोर्टात गेला.

पुढं निवृत्तीपर्यंत घरातल्या चोरीची फिर्याद घेताना मी एक जादा प्रश्न विचारत गेले : ही वस्तू गेल्यावर घरात कुणाला हायसं वाटलं का? बरोबरचे अधिकारी हसायचे. फिर्यादी बहुतेक वेळा चिडायचे. कधीतरी मात्र एखादं माणूस चिडतही नसे, उत्तरही देत नसे. तिथं मी पेन खाली ठेवत असे.